फोटो तिनेच पाठवला होता

उल्हासनगरच्या न्यायालयात वकिली करताना एक प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे : “फोटो तूच पाठवला होतास ना?” अंबरनाथच्या एका मुलीला तो विचारला गेला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पाठवला तिनेच होता, लग्न ठरलेल्या मुलाला. लग्न मोडलं आणि फोटो आधी त्याच्या मित्रांकडे, मग तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आला. तिने “हो” म्हटलं, आणि लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं. मुलगा बदलापूरचा, तेव्हा तिकडे जा, असंही सांगून झालं. वास्तविक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. शिवाय ही तिन्ही गावं ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात येतात.

त्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने २०१३ मध्येच दिलं आहे. वर्मा समितीच्या अहवालानंतर दंड संहितेत कलम ३५४ सी आलं. १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेचं कलम ७७ आहे. त्याखालचं स्पष्टीकरण सांगतं, की फोटो काढायला स्त्रीची संमती असली तरी तो तिसऱ्याला दाखवायला नसेल, तर पसरवणं हा गुन्हा. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. मात्र कलमाची मूळ रचना चोरून पाहणाऱ्या, चोरून टिपणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेली. सेल्फी तिथे अवघडून बसते. ‘फोटो माझ्या अशिलाने काढलेलाच नाही’ हा बचाव म्हणूनच येतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई खासगीपणाबद्दल बोलतं, पण शरीराचे ठरावीक अवयव दिसले तरच. पांघरूण ओढून घेतलेल्या जोडप्याचा फोटो त्यात बसत नाही. बदनामी मात्र तेवढीच. म्हणून पोलिसांचा हात ६७ ए कडे जातो : पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड, शिवाय अजामीनपात्र. माझा आक्षेप याच कलमाला आहे. त्याला चिंता लैंगिक दृश्याची. संमती हा शब्दच त्यात नाही. अक्षरशः वाचलं तर होणाऱ्या नवऱ्याला असं काही पाठवणारी मुलगी आणि ते गावभर करणारा तो, दोघं एकाच चाळणीत पडतात. तक्रार करायला आलेल्या मुलीला हे समजावून सांगताना माझीच जीभ जड होते.

नावाचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, तेव्हा त्या दोन बालिकांची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा होतं. न्याय संहितेचं कलम ७२ हे संरक्षण ६४ ते ७१ या कलमांच्या पीडितांना देतं. ७७ त्या यादीत नाही. फोटोवाल्या मुलीचं नाव झाकायचं तर न्यायालयाकडे वेगळी विनवणी करावी लागते. १९९४ चं जळगाव प्रकरण आठवणाऱ्यांना नाव फुटण्याची भीती म्हणजे काय, हे सांगायला नको; तेव्हाही तक्रारीला पुढे आलेल्या स्त्रिया मोजक्याच होत्या.

समाजमाध्यमावरचा असा फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढावा, असं २०२१ च्या नियमांनी मुळात ठरवलं होतं. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही ब्रिटनमधून चालणारी सोय फोटोचा फक्त आकडी ठसा घेते. मूळ फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून त्याला अडवतात. पण सोसायटीच्या गटावरचा फोटो एव्हाना घराघरातल्या फोनमध्ये उतरलेला असतो.

आणि पुरावा? तिच्या आईने त्याच रात्री लेकीच्या फोनमधून सगळं पुसून टाकलं होतं. मी आईला दोष देत नाही. पण घरातली ही पहिली कृती खटल्याला सर्वांत महाग पडते. शेवटी गटातल्या एका काकूंकडे तो संदेश, पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह, सापडला. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रावर त्यांची सही हवी होती. काकू दोन दिवस टाळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच आल्या, सही केली, आणि विचारलं, “फोन दिवाळीच्या आधी परत मिळेल ना? मुलगा दुबईहून त्याच्यावरच बोलतो.”