लिनक्सच्या मेनूत आपल्या कामाची नोंद

एखादे काम कार्यालयातील एकाच व्यक्तीला ठाऊक असावे आणि तिची बदली होताच ते काम थांबावे, हा अनुभव प्रशासनात नवा नाही. संगणक आल्यानंतर ही अडचण दूर होईल अशी अपेक्षा होती. परंतु कित्येक ठिकाणी ती कागदावरून केवळ पडद्यावर गेली, असे म्हणणे भाग आहे.

ग्रामीण भागातील एका शाळेत प्रस्तुत लेखकाने पाहिलेली हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. त्या शाळेत लिनक्स प्रणालीवर चालणारे तीन संगणक होते. हजेरी, गुणपत्रके आणि पोषण आहार यांच्या नोंदी त्यांपैकी एकावर ठेवल्या जात. या सर्व नोंदींची प्रत दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणारा दहा-बारा ओळींचा एक छोटा प्रोग्राम तेथील एका उत्साही शिक्षकाने लिहिला होता. प्रोग्राम चांगला होता. मात्र तो चालविण्यासाठी टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून तीत एक लांबलचक रोमन ओळ बिनचूक लिहावी लागे. ती ओळ एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविलेली असे. पुढे त्या शिक्षकांची बदली झाली, पावसाळ्यात चिठ्ठीही गळून पडली आणि प्रत काढण्याचे काम बंद झाले. चार महिन्यांनी संगणकातील डिस्क बिघडली, तेव्हा तेवढ्या काळातील साऱ्या नोंदी कागदी हजेरीपटांवरून पुन्हा भराव्या लागल्या. दोन शिक्षिका पंधरा दिवस शाळा सुटल्यावर थांबून हे काम करीत होत्या.

डिस्क बिघडेपर्यंत प्रोग्राम त्या संगणकात होताच. मेनूत मात्र तो कोठेही दिसत नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर क्लिक केले असता प्रोग्रामांची जी यादी उघडते, तिला मेनू म्हणतात. ही यादी प्रणालीबरोबरच आलेली असून तिच्यात आपणास काही फेरफार करता येणार नाही, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. लिनक्समध्ये ही यादी एका ठिकाणी अशी लिहून ठेवलेलीच नसते. ठराविक फोल्डरांत प्रत्येक प्रोग्रामसाठी साध्या मजकुराची एक लहानशी फाइल असते. त्या सर्व फायली वाचून मेनू आपली यादी तयार करतो. नवी फाइल ठेवली की यादीत एक नोंद वाढते, फाइल काढून घेतली की ती नोंद जाते. लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही अशी फाइल तयार करता येते; त्यासाठी प्रोग्राम लिहिण्याचे ज्ञान लागत नाही.

पूर्वी हे इतके सोपे नव्हते. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर चालणारे केडीई हे पडद्यावरील कामाचे वातावरण १९९६ मध्ये आणि ग्नोम १९९७ मध्ये सुरू झाले. प्रत्येकाचा मेनू निराळा व नोंदीची रीतही निराळी, त्यामुळे एकाच प्रोग्रामची नोंद ठिकठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे करावी लागे. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला व त्यातून नोंदीच्या फाइलचा एकच सर्वमान्य नमुना रूढ झाला. आज ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे या सर्वांत तोच चालतो. भारतात सी-डॅकने २००७ पासून प्रसृत केलेली ‘बॉस’ ही प्रणाली आणि केरळमधील सरकारी शाळांतून वापरली जाणारी प्रणाली या दोन्ही लिनक्सवरच आधारलेल्या असल्याने तेथेही हीच रीत लागू पडते.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळू. वर सांगितलेल्या शाळेचेच उदाहरण घेतले, तर तिची फाइल पुढीलप्रमाणे होईल :

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=नोंदींची प्रत काढा
कमेंट=दर शनिवारी बाहेरची डिस्क जोडून चालवावे
एक्झेक=/होम/शाळा/प्रत.एसएच
आयकॉन=ड्राइव्ह-रिमूव्हेबल-मीडिया
टर्मिनल=ट्रू
कॅटेगरीज=ऑफिस;

येथे वाचनाच्या सोयीसाठी सर्व शब्द देवनागरीत दिले आहेत. फाइलमध्ये मात्र बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडील शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात आणि त्यांचे आद्याक्षर मोठ्या लिपीतले असावे लागते. चौकटी कंसातील दोन्ही शब्दांनाही हाच नियम आहे. ‘ट्रू’ हा शब्द मात्र संपूर्णपणे लहान लिपीत लिहावयाचा असतो. ‘एक्झेक’ हा चार अक्षरांचा शब्द ई, एक्स, ई, सी असा आहे. उजवीकडील मजकुरापैकी नाव आणि खुलासा मराठीत लिहिण्यास कोणतीच अडचण नाही. ही गोष्ट अनेकांना माहीत नसते, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

नावाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ‘नेम’ या शब्दाला जोडून चौकटी कंसात एम व आर ही मराठीची दोन सांकेतिक अक्षरे लिहिली, तर त्यापुढील नाव फक्त संगणकाची भाषा मराठी ठेवली असता दिसते. अन्य भाषेत साधे ‘नेम’ दाखविले जाते. एकच फाइल अशा रीतीने अनेक भाषांना पुरते. परंतु आपल्याकडील पुष्कळशा संगणकांची भाषा इंग्रजीच ठेवलेली असते. अशा ठिकाणी साध्या ‘नेम’पुढेच मराठी नाव लिहिणे अधिक व्यवहार्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कळफलकावर रोमन अक्षरे टाइप करून प्रोग्राम शोधण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी ‘कीवर्ड्स’ अशी आणखी एक ओळ घालून तीत ‘बॅकअप’ हा शब्द रोमन लिपीत लिहून ठेवावा. नावही कामाचे असावे, प्रोग्रामचे नसावे. ‘प्रत.एसएच’ वाचून नव्या माणसाला काहीच बोध होत नाही. ‘नोंदींची प्रत काढा’ म्हटल्यावर विचारण्याची गरज उरत नाही.

‘एक्झेक’ ही ओळ या फाइलचा प्राण होय. क्लिक केल्यावर काय चालवावयाचे ते येथे सांगितलेले असते. प्रोग्राम ज्या फोल्डरात आहे, तेथपर्यंतचा संपूर्ण मार्ग येथे लिहावा. टर्मिनलमध्ये स्वतःच्या फोल्डरासाठी नागमोडी चिन्ह वापरण्याची सवय असते; ते चिन्ह येथे चालत नाही. मार्गात मोकळी जागा असेल, तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत घालावा लागतो. फोल्डरांच्या नावांत मोकळी जागा न ठेवणे हेच बरे. शिवाय मूळ प्रोग्रामच्या फाइलला चालण्याची परवानगी दिलेली असली पाहिजे. फाइलवर उजवे बटण दाबून गुणधर्मांच्या खिडकीत ती देता येते.

‘टर्मिनल’पुढे ‘ट्रू’ लिहिले म्हणजे प्रोग्राम काळ्या खिडकीत चालतो आणि त्याचे संदेश वाचता येतात. प्रत निघाली की नाही हे कळण्यासाठी येथे त्याची आवश्यकता आहे. यात एक बारकावा आहे. काम संपताच ही खिडकी साधारणपणे आपोआप मिटते व शेवटचा संदेश वाचायचा राहून जातो. म्हणून प्रोग्रामच्या अखेरीस ‘रीड’ ही आज्ञा लिहून ठेवावी. म्हणजे एंटर कळ दाबेपर्यंत खिडकी उघडी राहते. चित्रमय खिडकीत चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी मात्र ‘फॉल्स’ लिहावे.

चिन्ह आणि वर्गवारी यांबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. चिन्हासाठी प्रणालीतील चिन्हाचे नाव किंवा आपल्याकडील चित्राचा संपूर्ण मार्ग द्यावा. वर्गवारीत शिक्षण, कार्यालय, चित्रकाम वगैरेंसाठी ठरलेले इंग्रजी शब्दच वापरावेत आणि शेवटी अर्धविराम द्यावा.

फाइल कोठे ठेवावयाची, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, कारण तीन जागा आहेत आणि तिन्हींचे परिणाम निराळे आहेत. प्रणालीबरोबर आलेल्या नोंदी ‘यूएसआर’मधील ‘शेअर’मधील ‘ॲप्लिकेशन्स’ या फोल्डरात असतात. तेथे हात लावू नये, कारण प्रणालीची पुढची सुधारित आवृत्ती आली की तेथील आपले फेरफार पुसले जाण्याचा संभव असतो. केवळ आपल्या खात्यापुरती नोंद हवी असल्यास स्वतःच्या होम फोल्डरातील ‘डॉट लोकल’मधील ‘शेअर’मधील ‘ॲप्लिकेशन्स’ ही जागा योग्य होय. टिंबाने सुरू होणारे फोल्डर एरवी दिसत नाही. बहुतेक ठिकाणी कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबल्या की दिसू लागते. शाळेतील संगणकावर शिक्षकांचे एक आणि विद्यार्थ्यांचे दुसरे अशी खाती असतील आणि नोंद सर्वांना दिसावयास हवी असेल, तर फाइल ‘यूएसआर’मधील ‘लोकल’मधील ‘शेअर’मधील ‘ॲप्लिकेशन्स’ येथे ठेवावी. त्यासाठी संगणकाच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. तसेच प्रोग्रामही सर्वांना उघडता येईल अशाच जागी असावा. अन्यथा नोंद दिसते, पण काम होत नाही.

फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट डेस्कटॉप’ असाच झाला पाहिजे. मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम कधी कधी त्यापुढे स्वतःचे ‘टीएक्सटी’ जोडतो आणि मग नोंद काही केल्या दिसत नाही. ‘एक्झेक’मधील मार्ग चुकला असेल, तरीही ग्नोमसारख्या वातावरणात नोंद मुकाट्याने गाळली जाते, चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. नवशिक्याचा उत्साह येथेच मावळतो. यावर उपाय म्हणून ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ ही तपासणीची आज्ञा उपलब्ध आहे. ती फाइलच्या रचनेतील चुका दाखविते. रचना बिनचूक असेल तर काहीच म्हणत नाही. मार्ग मात्र आपला आपण ताडून पाहावा. ज्यांना हाताने लिहिणे नको वाटते त्यांच्यासाठी मेनूलिब्रे, तर केडीईवर के-मेनू-एडिट, अशी तयार साधने आहेत. तीही अखेर हीच फाइल लिहितात.

याच रीतीने नको असलेल्या नोंदी झाकताही येतात. प्रणालीच्या फोल्डरातील फाइलची प्रत त्याच नावाने आपल्या होम फोल्डरातील जागी आणून तीत ‘नोडिस्प्ले’पुढे ‘ट्रू’ असे लिहिले, की आपल्या खात्याच्या मेनूतून ती नोंद नाहीशी होते. कारण दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असल्यास होम फोल्डरातील फाइल ग्राह्य धरली जाते. विद्यार्थ्यांच्या खात्यात मेनू आटोपशीर ठेवण्यास याचा उपयोग होतो. मात्र हे कुलूप नव्हे. झाकलेला प्रोग्राम अन्य मार्गांनी चालविता येतोच.

एक धोका लक्षात ठेवावयास हवा. नोंदीचे नाव आणि तिची ‘एक्झेक’ ओळ यांचा परस्परांशी मेळ असलाच पाहिजे, असे कोणतेही बंधन प्रणाली घालीत नाही. नाव ‘पगारपत्रक’ आणि चिन्ह कागदाचे असूनही आतली ओळ फायली पुसून टाकणारी असू शकते. ईमेलने किंवा पेनड्राइव्हवरून आलेली अशी फाइल क्लिक करून चालविण्यापूर्वी मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये उघडून ती ओळ वाचावी. ती उमगली नाही, तर जाणकारास दाखवावी आणि तोवर फाइल तशीच राहू द्यावी.

त्या शाळेत नवी डिस्क बसविल्यावर बदलून गेलेल्या शिक्षकांकडून मूळ प्रोग्राम पुन्हा मिळाला आणि वर दिली आहे तशी आठ ओळींची फाइल तयार करण्यात आली. हे काम अर्ध्या तासात आटोपले. त्यातला निम्मा वेळ मराठी टंकलेखनाचा कळफलक सुरू करण्यातच गेला. आता शनिवारी शेवटचा तास ज्या शिक्षकाचा असेल तो डिस्क जोडतो आणि मेनूतील ‘नोंदींची प्रत काढा’ या नोंदीवर क्लिक करतो. कपाटात ठेवलेल्या वहीत त्या दिवसाची तारीख व त्या शिक्षकाची सही असते.