तक्रार खोटी, तपासणी खरी

मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज न्यूयॉर्कमध्ये शिकत होते, तेव्हा डॉक्टरांच्या परीक्षेला खरे रुग्ण आणले जात. त्यातल्या एकाने बॅरोजना नंतर सांगितलं, की एका परीक्षार्थीने फार धसमुसळेपणाने तपासलं, म्हणून त्याने एका पायावरचं लक्षण मुद्दाम दुसऱ्या पायावर दाखवलं! हे सोंग शिकवण्याच्या कामी का आणू नये, असं बॅरोजना वाटलं. 1963 मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला पाय लुळे पडलेली रुग्ण म्हणून तयार केलं. वैद्यकशिक्षणात हॉलिवूड घुसलं, अशी टवाळीही झाली.

या पद्धतीचा खरा कस लागतो ओपीडीत. वॉर्डातला रुग्ण बहुधा निदानासकट भेटतो; ओपीडीतला ‘बरं वाटत नाही’ एवढंच घेऊन येतो. म्हणून अभिनय करणाऱ्याला आपणहून काय सांगायचं आणि विचारल्यावरच काय, हे पढवलेलं असतं. समजा, तक्रार छातीतल्या जळजळीची. वडील हार्ट अटॅकने गेले ही भीती तो मनातच ठेवतो. विद्यार्थ्याने ‘आणखी काही?’ म्हणून वाट पाहिली, तरच ती बाहेर येते. 1984 च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडताना आढळले होते. आपल्या सरकारी ओपीडीची रांग पाहता तेवढेही सेकंद चैनच म्हणायचे.

मला मोलाचं वाटतं ते पुढचं. तपासणी संपली की सोंग उतरतं आणि तीच व्यक्ती सांगते, ‘तुम्ही कागदाकडे पाहत विचारलंत, म्हणून मी दारूचं बोललो नाही.’ खरा रुग्ण हे तोंडावर कशाला सांगेल? अर्थात यकृताची सूज किंवा हृदयातली मर्मर काही नटाला आणता येत नाही. त्यासाठी खरा रुग्णच हवा.

हेच सोंग पुढे पदवीधरांचीही परीक्षा घेऊ लागलं. मुंबई आणि पाटण्यात असे बनावट रुग्ण खासगी दवाखान्यांत पाठवले गेले. त्या सगळ्यांचं दुखणं क्षयाचा संशय यावा असंच होतं. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले: जेमतेम 35 टक्के भेटींत योग्य पाऊल उचललं गेलं होतं. त्याआधी दिल्लीतल्या अशाच अभ्यासात काही डॉक्टरांना तोच रुग्ण कागदावरही दिला होता. कागदावर त्यांनी थुंकीची तपासणी कितीतरी जास्त वेळा सांगितली.