घरच्या ओट्यास उतार : मोजमाप व खर्चाची तजवीज

शेतकऱ्याच्या घराचें जोतें फूट-दोन फूट उंच असतें, व त्यास कारणही आहे. पावसाचें पाणी, चिखल, विंचूकाटा घरांत शिरूं नये म्हणून वाडवडिलांनीं तें उंच धरलें. परंतु ज्या घरांतील माणसाचे पाय गेले, त्या घरांत तोच ओटा बंदिखान्याच्या भिंतीसारखा होतो. झाडावरून घसरून, विहिरींत पडून, ट्रॅक्टर उलटून ज्यांचा पाठीचा कणा दुखावला, किंवा अर्धांगवायूनें ज्यांचें अंग लुळें पडलें, अशीं माणसें आपल्या गांवोगांवीं आहेत. दवाखाना आटोपल्यावर चाकांची खुर्ची घरीं येते आणि सोप्यांत उभी राहते. तिला माणसासकट अंगणांत उतरविण्यास दोन धडधाकट गडी लागतात, आणि सुगीच्या दिवसांत ते शेतावर असतात.

खुर्ची मिळण्याच्या सोयी सरकारनें केल्या आहेत. उताराची तजवीज मात्र बहुधा घरच्यांनाच करावी लागते. आमची सारी नोकरी सातबाराच्या उताऱ्यांत गेली. हा उतार निराळा खरा. पण तोही मोजणीचा व हिशेबाचाच विषय असल्यामुळें त्यासंबंधीं चार शब्द लिहीत आहों.

मोजमाप

उताराचा नियम सोपा आहे : एक फूट उंचीस बारा फूट लांबी. ओटा दीड फूट असल्यास अठरा फूट, दोन फूट असल्यास चोवीस फूट. पुष्कळांस ही लांबी उधळपट्टी वाटते. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारानें जागा वांचविण्याकरितां दोन फूट उंचीस आठच फूट लांबीचा उतार बांधविला. वर चढवितांना मुलाच्यानें खुर्ची रेटवेना, उतरतांना ती आवरेना, आणि पहिल्याच पावसांत खुर्चीसह दोघेही घसरले. पुढें तो उतार फोडून नवा घालावा लागला. खर्च दोनदां झाला व मधलें एक वर्ष म्हाताऱ्याचें घरांतच गेलें. आंखूड उतार हाच सर्वांत महाग, हें ध्यानांत ठेवावें.

काम सुरू करण्यापूर्वीं दरवाजा मोजावा. जुनीं दारें अरुंद असतात. खुर्ची सुखानें जाण्यास तीन फूट मोकळी जागा हवी. दाराशीं पांच फूट लांबरुंद सपाट जागा असावी, म्हणजे खुर्ची वळवितां येते. मागील दाराशीं जमीन उंच असेल तर उतार तिकडून काढावा. सहा इंच उंची कमी झाली कीं सहा फूट बांधकाम वांचतें.

माल किती लागतो

भाव गांवोगांव निराळे असतात, म्हणून येथें रुपयांऐवजीं माल सांगतों. वाचकांनीं आपल्या बाजाराचा दर लावून पाहावा. ओटा दोन फूट, उतार चोवीस फूट लांब व चार फूट रुंद धरूं. त्याचें आकारमान 96 घनफूट, म्हणजे जेमतेम एक ब्रास होतें. त्यांपैकीं वरचा चार इंची काँक्रीटचा थर 32 घनफूट. एकास दोन व चार या प्रमाणानें त्यास सिमेंटचीं सुमारें सहा पोतीं, 14 घनफूट वाळू व 28 घनफूट खडी लागते. राहिलेला भराव मुरुमाचा. तो पाणी मारून चोपल्यावर बसतो, म्हणून चतुर्थांश जास्त आणावा. कडेच्या भिंतींस शेतांतला दगड चालतो. त्यांच्या जुळणीस आणखी चारेक पोतीं सिमेंट धरावें. उतार ओट्याला लागून आडवा घेतल्यास एक भिंत वांचते.

मुरूम आणतांना परवान्याची पावती अवश्य मागून घ्यावी. विनापरवाना गौण खनिजास बाजारभावाच्या पांचपट दंडाची तरतूद आहे.

वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करूं नये. ओल्या काँक्रीटवर खराट्यानें आडव्या रेघा ओढाव्या. शेणानें सारवूं तर मुळींच नये. दोन्ही बाजूंस तीन-चार इंच उंच कांठ व धरावयास लोखंडी नळीचा कठडा असावा.

पैसा कोठून

पहिली बाब अपघाताची. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत अपघातानें दोन अवयव निकामी झाल्यास 2 लक्ष रुपये व एक अवयव गेल्यास 1 लक्ष रुपये मिळतात. खातेदार शेतकऱ्यास व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस, वय 10 ते 75 असल्यास, हा लाभ आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत द्यावयाचा असतो. दवाखान्याच्या धांवपळींत हे दिवस निघून जातात, म्हणून भाऊबंदांपैकीं एकानें हें काम अंगावर घ्यावें. ही रक्कम आली कीं जुन्या देण्यांत मुरते. त्याआधीं उताराचे पैसे बाजूस काढावे.

दुसरी बाब ग्रामपंचायतीची. पंचायतीनें स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठीं खर्च करावयाचे आहेत. पंचायतीचें उत्पन्न 4 लक्ष असेल तर हे 20 हजार होतात, व ते गांवांतील सर्व दिव्यांगांत वांटले जातात. तेव्हां त्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. तथापि हक्काचें तें मागावें. मागणी तोंडी करूं नये. गवंड्याचा अंदाज जोडून लेखी अर्ज द्यावा, पोंच घ्यावी, आणि ग्रामसभेंत विषय कामकाजांत नोंदवावा. यासाठीं दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र लागतें. 2016 च्या कायद्याच्या बहुतेक सवलती 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वास मिळतात, म्हणून तें प्रमाणपत्र आधीं काढून ठेवावें.

तिसरी बाब कर्जाची. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेंत पीककर्जाशिवाय सुमारें दहावा हिस्सा घरगुती गरजांसाठीं धरलेला असतो. तेवढा वापरण्यास हरकत नाहीं. बी-खतांचा पैसा मात्र या कामीं लावूं नये, आणि सावकाराच्या दारीं तर जाऊंच नये. भराव व दगडकाम उन्हाळ्यांत घरच्या गड्यांनीं उरकावें, काँक्रीट पीक विकल्यावर घालावें. असे दोन टप्पे केल्यास भार एकदम पडत नाहीं. मधल्या काळांत दाबून बसविलेल्या मुरुमावर खुर्ची चालते, परंतु पावसापूर्वीं थर झालाच पाहिजे.

हा खर्च कोणत्या सदरीं लिहावा

पुष्कळ घरीं हा खर्च दानधर्माच्या सदरीं लिहिला जातो, म्हणून तो वर्षानुवर्षें लांबतो. बैलांचा गोठा किंवा विहिरीची पाळ आपण दानांत धरतों काय? खातेदाराचे पाय गेले म्हणून त्याचें शेतीचें ज्ञान गेलें नाहीं. कोणत्या पट्टींत पाणी थांबतें, कोणती गाय आटली, मजुरांची हजेरी किती, हें त्यास घरांतील इतरांपेक्षां अधिक ठाऊक असतें. अंगणांत व खळ्यावर तो आपल्या मनानें येऊं-जाऊं लागला, म्हणजे घरास एक जाणता माणूस परत मिळतो. आणि आजारी म्हातारी आई किंवा लहानपणापासून पांगळें मूल यांच्याकडून कसलीही मिळकत नसली, तरी सकाळचें ऊन व शेजाऱ्यांचे दोन शब्द यांवर त्यांचा हक्क आहे.

ज्यांच्या घरीं अशी अडचण आहे त्यांनीं सवडीची वाट न पाहतां दोरी घेऊन ओट्याची उंची मोजावी व तिची बारापट करावी. तेवढा आंकडा हातीं आला म्हणजे गवंड्याशीं, पंचायतीशीं व सोसायटीशीं बोलणें सोपें जातें. आणि जे नवें घर बांधीत असतील त्यांनीं जोत्याबरोबरच उताराची जागा सोडावी. मागाहून पायऱ्या फोडण्यापेक्षां तें पुष्कळ स्वस्त पडतें.