बुडणाऱ्या देशाचा व्हिसा



जागा २८०. नोंदणी ८,७५०. फॉर्मची फी २५ डॉलर. मुदत १६ जून ते १८ जुलै.

हे कुठल्या अ‍ॅडमिशन राउंडचं वेळापत्रक नाही. २०२५ साली तुवालू नावाच्या देशातल्या नागरिकांसाठी ऑस्ट्रेलियाने जी व्हिसाची सोडत ठेवली, तिचे हे आकडे आहेत. डॉलर ऑस्ट्रेलियन आणि नोंदणीत अर्जदारांचे कुटुंबीय धरलेले. तुवालूची लोकसंख्याच मुळात दहा-अकरा हजारांच्या घरात आहे, हे कळलं की ८,७५० या आकड्याचं वजन लक्षात येतं. इथे मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही. नशिबात असेल त्याचा नंबर लागणार.

वर्तमानपत्रांनी या लोकांना 'क्लायमेट रेफ्युजी' म्हणजे हवामान-निर्वासित म्हटलं. शब्द चांगला आहे, भाषणात शोभून दिसतो. फक्त निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात तो कुठेच सापडत नाही. कायद्यात शब्द नसला की काय होतं, हे तुवालूच्या उदाहरणातून समजून घेण्याचा हा प्रयत्न.

देश केवढा, पाणी केवढं

तुवालू पॅसिफिक महासागरात, ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्यावर आहे. नऊ छोटी प्रवाळबेटं आणि सगळी मिळून जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर. १९७८ साली ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. इंटरनेटवरचं 'डॉट टीव्ही' हे डोमेन या देशाच्या वाट्याला आलेलं आहे आणि त्याचं भाडं हे सरकारचं एक महत्त्वाचं उत्पन्न. राजधानी फुनाफुटी. तिथे मोकळी जागा इतकी कमी, की विमान येणार नसेल तेव्हा पोरं धावपट्टीवरच खेळतात.

जमिनीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर. 'नासा'च्या २०२३ मधल्या अहवालानुसार इथली समुद्राची पातळी आधीच्या तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटरने वाढली होती. २०५० पर्यंत देशाची बरीचशी जमीन आणि महत्त्वाच्या सोयीसुविधा भरतीच्या सरासरी पातळीखाली जातील, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे.

आता दुसरी बाजू. २०१८ साली ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ या काळातले हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं ताडून पाहिली. तेव्हा तुवालूचं क्षेत्रफळ कमी न होता २.९ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं! हवामानबदल म्हणजे थोतांड असं म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. पण यात विरोधाभास नाही. प्रवाळबेट म्हणजे काँक्रीटचा स्लॅब नव्हे. लाटा प्रवाळाचा चुरा आणि वाळू आणून टाकतात, एका बाजूने खातात, दुसऱ्या बाजूने भरतात. त्यामुळे नकाशावरचं बेट वाढूही शकतं.

प्रश्न आहे राहण्याचा, आणि तो आधी पाण्याचा आहे. सिव्हिलवाल्यांना घायबेन-हर्झबर्गचं सूत्र आठवत असेल. बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असतं. गोड्या पाण्याची घनता १००० धरा आणि समुद्राच्या पाण्याची १०२५. म्हणजे समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ सेंटिमीटर असेल तर खाली साधारण ४० सेंटिमीटर असतं. हेच गणित उलटं लावून बघा. समुद्र वर सरकला आणि बेट सपाट असल्यामुळे गोड्या पाण्याला वर सरकायला जागा उरली नाही, तर एकेका सेंटिमीटरला खालचे चाळीस जातात. प्रत्यक्षात जमिनीचा सच्छिद्रपणा वगैरे भानगडी येतात, पण दिशा हीच.

तुवालूत 'पुलाका' नावाचा अळूच्या जातीचा कंद लावतात, तो या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यांमध्ये. पाणी खारट झालं की कंद सडतो. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणीच. २०११ साली पाऊस लांबला तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. चारी बाजूंना पाणी आणि टाकी कोरडी, अशी अवस्था.

आणखी एक गुंता आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने फुनाफुटीवर धावपट्टी बांधली, तेव्हा भरावासाठी बेटच खणलं. ते मोठमोठे खड्डे पुढे सत्तर वर्षं तसेच राहिले. त्यात खारं पाणी आणि कचरा साचायचा, आणि काठावर लोक घरं बांधून राहायचे. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या पैशातून ते बुजवले गेले. मग इथल्या हालांमध्ये समुद्राचा वाटा किती, महायुद्धाचा किती आणि एका बेटावर झालेल्या गर्दीचा किती? हा हिशेब करायला बसलं की कायद्याची अडचण समजायला लागते.

निर्वासित कुणाला म्हणायचं?

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एकामुळे छळ होईल अशी रास्त भीती असलेला, देशाबाहेर पडलेला माणूस. हा करार दुसऱ्या महायुद्धानंतरचा, त्यामुळे छळ करणारा कुणीतरी आहे हे त्यात गृहीतच धरलंय. समुद्र कुणाचा धर्म विचारत नाही. पाणी सगळ्यांच्याच घरात शिरतं, म्हणून कायद्याच्या भाषेत तो 'छळ' होत नाही.

तुवालूच्या शेजारच्या किरिबाती देशातले योआने टेटियोटा यांनी हे दार ठोठावून पाहिलं. ते न्यूझीलंडमध्ये राहत होते. व्हिसा संपल्यावर त्यांनी निर्वासित म्हणून आश्रय मागितला. खालपासून वरपर्यंत सगळ्या कोर्टांनी नकार दिला, आणि २०१५ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आलं. मग ते युनोच्या मानवाधिकार समितीकडे गेले. जानेवारी २०२० मध्ये निर्णय जाहीर झाला, तोही त्यांच्या विरोधातच. किरिबाती दहा-पंधरा वर्षांत राहण्यालायक उरणार नाही असं गृहीत धरलं, तरी तेवढ्या काळात उपाय करता येतील, असं समितीचं म्हणणं पडलं. पण एक गोष्ट तिने मान्य केली. हवामानबदलामुळे कुणाच्या जिवाला खरोखरच धोका असेल, तर त्याला तिथे परत पाठवणं हा मानवाधिकारांचा भंग ठरू शकतो. दार उघडलं नाही, पण कडी थोडी सैल झाली.

आपल्या मराठीत यासाठी जवळचा शब्द आहे: 'ग्रस्त'. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त. यातल्या धरणग्रस्तांचं उदाहरण बघा. कोयनेच्या वेळी घरदार सोडणाऱ्यांच्या पाठीशी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली झाला, आणि 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द दाखल्यावर आला. दाखला मिळाला म्हणून सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. सातबाऱ्यासाठी पिढ्या खेटे घालताहेत. तरी निदान अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे ठरलं, कारण धरण कुणी बांधलं हे माहीत होतं. समुद्र कुणी चढवला? त्याचे भागीदार जगभर पसरलेत आणि दीडशे वर्षांत पसरलेत. त्यामुळे टेबलच नाही.

मग करारात 'हवामान' हे सहावं कारण का घालत नाहीत? एक तर आजच्या वातावरणात हा करार चर्चेला उघडला, तर कारणं वाढायच्या ऐवजी कमीच होतील अशी भीती अनेक कायदेतज्ज्ञांना वाटते. दुसरं म्हणजे बेटांवरच्या लोकांनाच हा शब्द फारसा आवडत नाही. किरिबातीचे माजी राष्ट्राध्यक्ष अनोटे टोंग 'सन्मानाने स्थलांतर' असं म्हणत. लोकांना हुनर शिकवा, वेळेवर आणि स्वतःच्या मर्जीने जाऊ द्या, तंबूत ओळीने बसवू नका, असा त्यांचा आग्रह होता.

करार आणि त्याची किंमत

कायदा नसला की सौदा होतो. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांनी 'फालेपिली युनियन' करारावर सह्या केल्या. फालेपिली हा तुवालूच्या भाषेतला शब्द, अर्थ साधारण शेजारधर्म. २८ ऑगस्ट २०२४ पासून करार लागू झाला. दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा, शिकण्याचा आणि काम करण्याचा हक्क. नोकरीची ऑफर हातात हवी अशी अट नाही, आणि मायदेशी जा-ये करायला मोकळीक. नैसर्गिक आपत्ती, साथ किंवा लष्करी आक्रमण झालं तर मदतीची हमीही आहे. गरीब देशासाठी हे थोडं नाही.

आता कलम चार वाचा. तुवालूला दुसऱ्या कुठल्याही देशाशी संरक्षण किंवा सुरक्षेबाबत करार करायचा असेल, तर आधी ऑस्ट्रेलियाची सहमती लागेल. २०२२ मध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला, तेव्हापासून ऑस्ट्रेलियाची झोप उडालेली आहे. तुवालूचे माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा यांनी, हे सार्वभौमत्व गहाण टाकणं आहे, अशी टीका केली. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत करारावर सही करणारे पंतप्रधान कौसेआ नटानो स्वतःची जागाही राखू शकले नाहीत. नव्या सरकारने मात्र करार पुढे चालू ठेवला.

आणि हा शेजारधर्म पाळणारा ऑस्ट्रेलिया जगातल्या सगळ्यात मोठ्या कोळसा आणि नैसर्गिक वायू निर्यातदारांपैकी एक आहे. त्यात आपणही अगदीच त्रयस्थ नाही. क्वीन्सलँडमधली कारमायकल ही कोळशाची खाण एका भारतीय उद्योगसमूहाने उघडली आहे.

वर्षाला २८० म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्के. सोडतीत कुणाचं नाव येईल ते सांगता येत नाही. शाळेतला एकुलता एक गणिताचा मास्तर गेला, दवाखान्यातली नर्स गेली, तर मागे उरलेल्यांचं काय? म्हणून तुवालू दुसऱ्या टोकालाही जोर लावतो आहे. फुनाफुटीत खाडीतली वाळू उपसून सुमारे ७ हेक्टर नवी, उंच जमीन तयार केली गेली. २०२३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून, जमीन गेली तरी आमचं राष्ट्र कायम राहील, असं लिहून ठेवलं.

लोंढे येणार का?

युरोप-अमेरिकेत निवडणूक आली की 'गरीब देशांतून हवामान-निर्वासितांचे लोंढे येतील' हे भाषण ठरलेलं. गंमत म्हणजे दोन्ही बाजू तेच वाक्य वापरतात. एक कार्बन कमी करा म्हणून, दुसरी कुंपण घाला म्हणून. जागतिक बँकेच्या २०२१ च्या 'ग्राउंडस्वेल' अहवालाचं म्हणणं वेगळं आहे. २०५० पर्यंत जगाच्या सहा विभागांत मिळून २१.६ कोटींपर्यंत लोकांना घर सोडावं लागू शकेल, पण हे स्थलांतर आपापल्या देशातल्या देशात असेल. वेळेवर पावलं उचलली तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो सीमा ओलांडून लांब जाऊच शकत नाही. तो जवळच्या शहराच्या कडेला झोपडी टाकतो. त्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

वर्गातून कोर्टात

शेवटी एक गोष्ट खास आपल्यासाठी. २०१९ साली साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हा प्रश्न जगातल्या सर्वोच्च कोर्टात न्यायचा. आपल्यासारखीच पोरं. त्यांनी वानुआटूच्या सरकारला पटवलं, त्या सरकारने इतर देशांना, आणि मार्च २०२३ मध्ये युनोच्या आमसभेने ठराव करून आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवलं. २३ जुलै २०२५ रोजी, म्हणजे तुवालूची सोडत बंद झाल्यावर पाचव्या दिवशी, न्यायालयाने एकमताने मत दिलं. हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. तसंच, एकदा अस्तित्वात आलेल्या देशाची जमीन गेली म्हणून त्याचं राष्ट्रपण आपोआप संपतंच असं नाही.

हे मत सल्ला आहे, बंधनकारक निकाल नाही. जानेवारी २०२५ मध्येच अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला होता. त्यामुळे उद्या सगळे देश शहाण्यासारखे वागतील या भ्रमात राहू नये. तरीही पूर्वी नसलेलं एक टेबल आता निदान मांडलं गेलंय. पुढच्या अर्जदाराला कलम चारसारख्या अटींवर सौदा करण्याऐवजी या टेबलावर हक्काने काही मागता येईल का, हे अजून ठरायचं आहे.

तोपर्यंत दरवर्षी २८० नावं निघत राहतील. पुढच्या वेळी 'हवामान-निर्वासित' हा शब्द ऐकलात, तर बोलणाऱ्याला एवढंच विचारा: याचा दाखला कोण देणार, आणि त्या बदल्यात काय मागणार?