विश्लेषण : गाडीची पकड वाढवताना मायलेज का घटते?

नवी हॅचबॅक घेतली की अनेकांचा मोर्चा टायरच्या दुकानाकडे वळतो. रुंद टायर, मोठे अलॉय व्हील, कमी उंचीच्या स्प्रिंग बसवल्या की गाडी वळणावर अधिक स्थिर वाटते. पण पुढच्याच टाकीला मायलेज घटल्याची तक्रार सुरू होते. या दोन्हींचा मेळ घालता येतो का?

इंधन नेमके कुठे खर्च होते?

टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग सतत दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. त्यात ऊर्जा खर्च होते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. जास्त पकड देणाऱ्या मऊ रबरात हा खर्च सहसा वाढतो. रुंद टायर हवेलाही अधिक अडवतो. मोठे व्हील जड असेल तर प्रत्येक सिग्नलनंतर त्याला गती देण्यासाठी इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे शहरात वजन महागात पडते, तर महामार्गावर हवेचा अडथळा.

खिशाला किती फटका?

महिन्याला १,००० किमी धावणाऱ्या गाडीचे मायलेज १८ वरून १७ वर आले, तर सुमारे ३.३ लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाचा जादा खर्च चार हजारांच्या घरात जातो.

सगळी घट खरी असते का?

नाही. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२२ मिमी असतो. त्याजागी २०५/६५ आर १५ बसवला तर तो सुमारे ६४८ मिमी होतो, म्हणजे ४ टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी पूर्वीपेक्षा जास्त अंतर कापते, पण ओडोमीटरला ते कळत नाही. त्यामुळे १८चे मायलेज तसेच राहिले तरी हिशेबात १७.३ दिसते. धोका वेगळाच आहे. स्पीडोमीटरवर तोच आकडा दिसत असताना गाडी आधीपेक्षा ४ टक्के वेगाने धावत असते.

याउलट १९५/५५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी, म्हणजे मूळ टायरइतकाच आहे. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

मायलेज न गमावता काय करता येईल?

आधी टायरमधील हवा तपासा. योग्य दाब चालकाच्या दरवाजाजवळील स्टिकरवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. हवा कमी असेल तर पकड आणि मायलेज दोन्ही घटतात. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि झिजलेले बुश, शॉक अॅब्सॉर्बर बदला. जाड अँटी-रोल बारमुळे वळणावर गाडी कमी कलते, त्याचे वजन जेमतेम काही किलो असल्याने मायलेजवर परिणाम नगण्य असतो. टायर बदलायचेच असतील तर बीईईचे स्टार लेबल पाहा. जास्त स्टार म्हणजे इंधनाची जास्त बचत.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगमुळे इंधन फारसे वाढत नाही. मात्र आपल्याकडच्या गतिरोधकांवर गाडीचा तळ घासतो आणि अलाइनमेंट बिघडून टायर लवकर झिजतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्यामुळे सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी देते तो टायर निवडणे. तेथे पकड, व्यास आणि मायलेज यांचा हिशेब कंपनीनेच करून ठेवलेला असतो. तरीही आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी केलेली बरी.