घाटात ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

पावसाळ्यातल्या रविवारी विक्रमगडहून जव्हारला चढताना एखादी छोटी एसयूव्ही रस्त्याच्या कडेला उभी दिसते. बॉनेट उघडलेलं, जळका वास आणि भोवती जमलेल्या चौघांचं एकमत : गिअरबॉक्स गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. काहीतरी तापलेलं असतं, आणि तेही गिअरबॉक्स नव्हे, क्लच.

‘ऑटोमॅटिकला क्लच नसतो’ हा या सगळ्या गोंधळाचा उगम. नसतं ते क्लचचं पेडल. 2014 मध्ये सेलेरिओमुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट नेहमीच्या मॅन्युअल गाडीचीच असते. फक्त क्लच दाबण्याचं काम पायाऐवजी यंत्र करतं. डीसीटीत, म्हणजे ड्युअल क्लचच्या गाडीत, तर क्लच एक सोडून दोन : एक विषम गिअरांचा, दुसरा सम. त्यातला कोरडा प्रकार तेलात बुडालेला नसतो, त्याला थंड करायला हवेशिवाय कोणी नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो, म्हणून रांगत चढणं त्याला पुष्कळ सोसतं. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. चढावर इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. मालकाला वाटतं, काहीतरी घसरतंय. तो त्या यंत्राचा स्वभाव आहे.

आता तो जळका वास. पुढे भरलेली एसटी फर्स्टवर चढतेय, मागे आपण. ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी चढावर धरून ठेवायची, ही मुंबईच्या उड्डाणपुलांवर लागलेली सवय. त्या वेळी क्लच ना पूर्ण जोडलेला असतो ना सुटलेला. तो घासत राहतो, तापतो, मग गाडी झटके देते किंवा डॅशबोर्डवर इशारा येतो. एसटीला पुढे जाऊ द्या, अंतर पडलं की एका दमात चढा. थांबावंच लागलं तर ब्रेकवर थांबा. इशारा आलाच तर सपाट, सुरक्षित जागी गाडी लावून ती निवू द्या. रेटत नेलीत तर मात्र क्लच प्लेट खरोखरच जाईल.

दाभोसा धबधब्याच्या वाटेवर ओल्या मातीत चाकं जागच्या जागी फिरली की तेही गिअरबॉक्सच्या खात्यात जमा होतं. ‘एसयूव्ही’ या नावाने फसू नका. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना जोर पुढच्या चाकांतूनच मिळतो आणि चढावर वजन मागे सरकतं. चाकांची पकड सुटते, गिअर नव्हे.

त्र्यंबककडून मोखाड्याला येताना तोरंगण घाटात न्यूट्रल टाकून उतरणारेही भेटतात. ‘पेट्रोल वाचतं’ म्हणे! उलट आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

एवढं वाचून ‘म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच’ असं कुणी म्हणेल, तर तोही गैरसमजच, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या कोरड्या ड्युअल क्लचच्या गाड्या थरथरतात, अशा तक्रारी ऑस्ट्रेलियात मालकांनी केल्या. तुमच्या चालवण्यामुळे होतंय, असं ग्राहकांना सांगितलं गेलं. दोष मात्र कंपनीला ठाऊक होता. 2018 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने तक्रारींच्या या हाताळणीबद्दल 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्या गाड्यांत इकोस्पोर्टही होती. आपल्याकडे 2013 मध्ये आलेल्या इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकलाही ड्युअल क्लचच होता. 2017 च्या नव्या रूपात तो जाऊन टॉर्क कन्व्हर्टर आला.

तेव्हा थंड गाडी सपाट रस्त्यावरही झटके देत असेल, गिअर अडकत असेल, तर ‘घाटात असंच होतं’ हे उत्तर घेऊन परतू नका. तारीख, किलोमीटर, कोणता गिअर, चढ की सपाटी, हे लिहून ठेवा. जॉब कार्डवर तक्रार तुमच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि प्रत मागा. गाडी ठाण्यात घेतली असो वा नाशकात, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.