दबावगटाचे यश मोजायचे कसे?

राजकीय पक्षाला सत्ता हवी असते, दबावगटाला सत्तेवरच्यांचा निर्णय. म्हणून त्याचे यश मतपेटीत मोजता येत नाही. आपल्या निपाणीचेच उदाहरण घ्या. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवरून तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगलोर महामार्ग रोखून धरला. मागणी रास्त भावाची. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले, रस्ता मोकळा झाला. पदरात पडलेल्या रुपयांनी मोजू गेल्यास हाती फारसे लागत नाही. परंतु उत्पादनखर्चावर आधारित भाव ही भाषा पुढे बहुतेक पक्षांच्या जाहीरनाम्यांत शिरली. श्रेय एकट्या निपाणीचे नव्हे. 1980 साली चाकणचा कांदा आणि नाशिकचा ऊस आधीच पेटला होता. 2018 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली. त्या हमीभावाच्या यादीत तंबाखू मात्र नाही.